मुकादमाची मालकीण

४ फेब्रुवारी

बारके,

तू फोन उचलत नाहीस. उचलतो तो तुझा नवरा, आणि म्हणतो, "ती झोपलीय." सकाळी केला तरी झोपलीय, दुपारी केला तरी झोपलीय. एवढी झोप माझ्या नशिबात असती तर कुत्र्यांचा धंदा कशाला केला असता? शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

टिल्लीचा हात कसा आहे? हॉस्पिटलात आलो तेव्हा तू दार अडवून उभी राहिलीस, जसा काही मीच चावलोय तिला. पोरीचा सख्खा मामा आहे मी. खेळण्यांच्या दुकानात दुसरं काही धड नव्हतं म्हणून कापसाचं कुत्रं घेतलं, तर त्याचाही केवढा तमाशा केलास! नर्सच्या देखत फेकून दिलंस. मी आपला उचलून घेऊन आलो. आता ते ऑफिसच्या कपाटावर बसलंय आणि गिऱ्हाईकं विचारतात, हेही राखणीला शिकवलंय का.

झालं ते वाईटच झालं. पण कसं झालं ते डोकं शांत ठेवून ऐक. मुकादमाच्या पिंजऱ्याची कडी सैल झाली होती. त्याने धडक दिली, कडी निघाली आणि तो सुटला. मैदान ओलांडून फाटकाशी गेला, आणि तू नेमकी त्याच वेळी पोरीला घेऊन आत येत होतीस. आधी कळवलं असतंस तर साखळीला बांधून ठेवला नसता का? पण कळवायची पद्धत तुला पहिल्यापासूनच नाही. मी ओरडलो आणि त्याने हात सोडला. दुसरं एखादं कुत्रं असतं तर सोडला नसता, हेही जरा लक्षात घे.

आता मुद्द्याचं बोलतो. मुकादमाला पालिकेच्या कोंडवाड्यात नेऊन टाकलंय. सिमेंटची खोली, पाण्याला गंजकं घमेलं, आणि शेजारची खरजुली कुत्री दिवसभर भुंकून कान किटवतात. माझ्या हाताशिवाय तो अन्नाला शिवत नाही हे तुला माहीत आहे. बरगड्या दिसायला लागल्यात त्याच्या. मला बघितलं की जाळीला तोंड लावून रडतो गं. पोलीस तुझा जबाब घ्यायला येतील. "कुत्रं गुणी आहे, झाला तो अपघात" एवढंच सांग, म्हणजे त्याला घरी आणता येईल. आम्हाला मूलबाळ नाही. जे काही आहे ते हेच आहे.

टिल्लीला माझा पापा दे. म्हणावं, मुकादम सॉरी म्हणतो.

तुझा दादा


२० फेब्रुवारी

बारके,

वकिलाची नोटीस! सख्ख्या भावाला! पोस्टमनने सही घेतली तेव्हा एक गोदामवाला समोर बसला होता. "काय हो, काही लफडं?" म्हणाला. मी म्हटलं, बहिणीचं प्रेमपत्र आहे.

तीन वेळा वाचली. जनावर सुटून कुणाला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, आणि जनावर कशावर धावून जातं हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल तर त्याची सुटकाच नाही. पुढे लिहिलंय की टिल्लीच्या कोपराजवळची नस तुटलीय, बोटं मिटत नाहीत, ऑपरेशन वेळेत झालं तर हात सुधारेल, उशीर झाला तर उपयोग नाही. आणि सगळ्यात शेवटी तुझी मेहेरबानी. मी मालक म्हणून जबाबदारी मान्य केली आणि ऑपरेशनचा खर्च उचलला, तर मुकादमाला घरी न्यायला तुझी हरकत नाही. फक्त तोंडाला जाळी आणि मैदानाला दुहेरी कुंपण. वा गं वा! माझंच कुत्रं मला परत देणार, आणि वर उपकार.

आधी एक सांगतो. हात डावा आहे. पोरगी उजव्या हाताने लिहिते. तू असं चालवलंयस जसं काही तिचं डोकंच गेलंय.

आणि मालक म्हणतेस, तर मालक कोण? पालिकेचा नियम तुला पाठ आहे, एका माणसाच्या नावावर चारच कुत्री. आमच्या धंद्यात सगळे जे करतात तेच मी केलं, घरच्यांच्या नावांवर परवाने काढले. चार माझ्या नावावर, चार तुझ्या वहिनीच्या, आणि मुकादम तुझ्या. तुझ्याच स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून तू सही केलीस. पिल्लू मांडीवर घेऊन म्हणालीस, "दादा, आता मी याची मालकीण. मला पगार किती देशील?" केवढे हसलो होतो आपण! दरवर्षी परवाना नवा होतो आणि दरवर्षी सही तूच करतेस. मग बाईसाहेब, भरपाई कुणाकडे मागायची? आरशात बघा.

नोटिशीला उत्तर हेच जाणार आहे.

दादा


११ मार्च

बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी, पण काय त्या ओळी! "ते फक्त नावापुरतं होतं, तुलाही माहीत आहे." मला सगळं माहीत आहे गं. पण कायद्याला नाव पुरतं. त्यापुढे तो बघत नाही.

तू विचारतेस, टिल्लीचा एक हात आधीपासूनच प्लास्टरमध्ये होता, तर त्याने नेमका तोच का धरला. तुझी वहिनी तुझ्याकडे फोनवर काहीतरी बरळलीय हे मला कळलं. तुझ्या डोक्यात किडा वळवळायला नको म्हणून सांगतो. आमच्या कामाची पद्धत तू बघितली आहेस. एक माणूस डाव्या हाताला जाड बाही चढवून चोरासारखा पळतो, कुत्रं धावत जाऊन ती बाही धरतं, आणि "सोड" म्हटलं की सोडतं. राखणीचं शिक्षण म्हणजे हेच. आमचा गडी काम सोडून गेल्यापासून बाही तुझी वहिनीच चढवते. हात काळेनिळे होतात तिचे, पण त्यात काय, माझेही झालेत.

बाही खाकी आहे. जाड, तागाची, खाकी. वहिनी म्हणते, ती फाटली होती आणि आम्ही महिनाभर तिच्या हाताला उशी बांधून वरून पांढरं बँडेज गुंडाळत होतो. असलं काहीही नाही. कोर्टातही ती खाकीच म्हणेल. मी तिच्याशी नीट बोललोय. आता ती फोनला हात लावत नाही.

माझे वकील तसे घाबरट. सारखे घसा खाकरतात. म्हणतात, "तडजोड करून टाका. कुत्रं तिचं ठरलं तर ते पुरतंच तिचं ठरेल. मग तुम्हाला त्याच्यावर हक्क सांगता येणार नाही." मी म्हटलं, अहो, माझी बहीण आहे ती. झुरळ दिसलं तर कागदावर उचलून बाहेर सोडून येते. ती कुत्र्याचं काय करणार? चार दिवस रुसेल, मग मलाच बोलवेल, दादा, घेऊन जा बाबा तुझं धूड.

ऑपरेशनची एवढीच घाई असेल तर तुझ्या नवऱ्याला म्हणावं, सायकलींचं दुकान विक. पंक्चर काढायला दुकान कशाला लागतं? रस्त्याच्या कडेला बसूनही निघतं.

दादा


२ जून

बारके,

काल कोर्टात तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. बाहेरच्या बाकावर मी मुद्दाम तुझ्या शेजारी जागा धरली, तर उठून जिन्याशी जाऊन उभी राहिलीस. ठीक आहे. पाय तुझे दुखतील.

तुझ्या वकिलाने वहिनीला बरंच छळलं. बाही कुठल्या रंगाची? आठवत नाही. फाटली होती का? आठवत नाही. मग महिनाभर हाताला काय बांधत होता? आठवत नाही. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या घालून आली होती बावळट. न्यायाधीशबाई सारख्या तिच्या हातांकडेच बघत होत्या. पण शब्दाला जागली. घरी आल्यावर मी तिला शाबास म्हटलं, तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. बायकांना शाबासकीही सोसत नाही.

पण खरी बाजी मारली ती तुझ्या टिल्लीने! माझ्या वकिलांना मी उगाच घाबरट म्हटलं, बाई. किती गोड बोलले ते पोरीशी. "बाळ, मुकादम तुला आवडायचा का?" ही म्हणते, हो. "मग तो कुणाचा होता गं?" आणि पोरगी काय म्हणावी? "आमचा. आई म्हणायची, मुकादम मामाकडे राहतो, पण आहे आपला." तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी खाली मान घालून हसू दाबलं. खरं बोलायचे संस्कार चांगले केलेस हो पोरीवर.

तू म्हणालीस की डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आलीय. सगळ्या कोर्टाला रडू येईल असं बोललीस. पण मुदत तुझ्या डॉक्टरांची आहे, कोर्टाची नाही. पुढची तारीख माझ्या वकिलांनी मागितली ती त्यांची तब्येत बरी नाही म्हणून, त्यात माझा काय दोष? घसा खरंच बसलाय त्यांचा.

येताना कोंडवाड्यावर गेलो होतो. मुकादमाच्या मागच्या पायाला जखम झालीय, सिमेंटवर बसून बसून. चाटतो आणि माझ्याकडे बघतो. तिथला माणूस म्हणतो, तुम्ही गेलात की जाळीवर अंग आपटतो, कुणाला जवळ येऊ देत नाही. मी बाहेर येऊन रस्त्यात उभा राहून रडलो, बारके. तुझ्या लेकीसाठी रडायला सगळं गाव आहे. त्याच्यासाठी कोण आहे?

दादा


१७ ऑगस्ट

मालकीणबाई,

निकालाची प्रत आली असेलच. नसेल तर मी वाचून दाखवतो, मला तोंडपाठ झालाय. परवाना जिच्या नावावर, जिने दरवर्षी सही केली, जिची मुलगीही कुत्रं आमचं म्हणते, ती मालक. मी कोण? तर मालकाच्या सांगण्यावरून जनावर सांभाळणारा. आणि मालक स्वतःच पोरीला घेऊन जनावरापाशी गेली, तेव्हा भरपाई मागणार कुणाकडे? दावा फेटाळला. टाळ्या वाजवायची सोय नव्हती, नाहीतर वाजवल्या असत्या.

पहिल्या दिवसापासून सांगत होतो. जबाब दे, विषय मिटव. पण नाही. दादाला कोर्टात खेचायचं, दादाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची. लहानपणापासून तुझं हेच, मला मार बसला की तुला बरं वाटायचं. आता बस तुझ्या नोटिसा कवटाळून.

आणि आता सगळं मिटलंय, तर सांगूनच टाकतो. होती बाही पांढरी. खाकी बाही फाटली होती, नवी मागवायला मला वेळ झाला नाही, आणि बँडेज घरातच पडलेलं होतं. महिनाभर मुकादमाने तुझ्या वहिनीचा पांढरा हात धरला, आणि दर वेळी मी त्याला शाबास म्हटलं. मग फाटकातून पांढरा हात आत आल्यावर त्याने काय करायला हवं होतं? मान हलवून नमस्कार? शिकवलं ते चोख केलं त्याने. मला वाईट वाटलंच, पण खरं सांगू, धावला काय सुरेख! टिल्ली सायकलवरून पडली, हाताला प्लास्टर घातलं, हे तू मला फोनवर सांगितलं होतंस, तेही आठवतंय. ऐकलं आणि विसरलो. मला दिवसाला पन्नास फोन येतात.

आता हे जाऊन कुणालाही सांग. वहिनीला काही आठवत नाही.

मुकादमाला आणायला मी सोमवारी जातोय. त्याचा पिंजरा धुऊन घेतला, नवी कडी बसवली, खाली लाकडाची फळी टाकली, पायाच्या जखमेला मलम आणून ठेवलंय. तू त्यांना एक ओळ लिहून दे की माझ्या ताब्यात द्यायला हरकत नाही. तेवढं कर आणि सुटलीस. मी मनात काही ठेवणारा माणूस नाही.

तुझा दादा


२५ ऑगस्ट

बारके,

हे काय ऐकतोय मी?

कोंडवाड्यावर गेलो, पट्टा घेऊन, गाडीत चादर अंथरून. तिथला कारकून म्हणतो, ताबा मालकाला मिळेल. म्हटलं, मीच मालक. म्हणतो, तुमच्याकडे कोर्टाचा कागद आहे ना, त्यावर बघा मालक कोण आहे. आणि मग म्हणतो, मालकीणबाई येऊन गेल्या. त्यांनी अर्ज दिलाय, कुत्र्याला इंजेक्शन देऊन संपवा म्हणून.

हा काय पोरखेळ आहे? मागे घे तो अर्ज. आजच्या आज मागे घे. तू माझ्यावर चिडलीयस, ते मी समजू शकतो. पण त्या मुक्या जीवाने तुझं काय केलं? म्हणजे केलं, पण त्याला कळतं का काय केलं ते? हे तर तूच तुझ्या वकिलाकडून वदवून घेतलंस ना, कुत्र्याचा दोष नाही, शिकवणाऱ्याचा दोष आहे? मग शिकवणाऱ्याला काय करायचं ते कर. मला शिव्या दे. चारचौघांत थोबाडीत मार, मी हूं की चूं करणार नाही.

वकिलांकडे धावलो. ते म्हणाले, "मी मार्चमध्येच तुम्हाला बजावलं होतं." मी म्हटलं, मग आता सिद्ध करा की कुत्रं माझं आहे. ते हसले. घसा खाकरून हसले हरामखोर. म्हणाले, आपणच कोर्टाला पटवलंय की ते तुमचं नाही म्हणून.

बारके, ऑपरेशनचा सगळा खर्च मी करतो. लगेच. धंदा विकतो, आठही कुत्री विकतो, जागा विकतो. टिल्लीला मोठ्यात मोठ्या डॉक्टरकडे ने, आल्यागेल्याचं सगळं माझ्याकडे. कागदावर लिहून देतो, तू म्हणशील तिथे सही करतो. माझा मुकादम मला दे. पिल्लू होता तेव्हा तुझ्या मांडीवर झोपला होता गं तो. तू कशी अशी झालीस? आपल्या आईच्या पोटी असली कसाई कशी जन्मली?

नाही, हे खोडतो. रागात लिहिलं. कसाई म्हणायचं नव्हतं मला. मी पाया पडतो तुझ्या. मोठा असून पडतो.

तुझी समजूत घालायला वहिनीला पाठवावं, तर तीही घरात नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून गेली, कुठे गेली ते सांगितलं नाही. घरी कुणी नाही. रिकामा पिंजरा उघडा टाकून त्याच्यासमोर बसून लिहितोय. उत्तर दे. एक ओळ लिही. नाही म्हण, पण उत्तर दे.

दादा


२९ ऑगस्ट

दादा,

तुझी सगळी पत्रं मिळाली.

पांढऱ्या बाहीचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, वकिलांकडे नेऊ, अपील करू, आता जिंकू. मी नको म्हटलं. अपिलात तू मालक ठरशील. तू पैसे देशील आणि मुकादमाला घरी नेशील. पैशांचं आता मला काही करायचं नाही. जुलैमध्येच डॉक्टरांनी सांगितलं की उशीर झाला, ऑपरेशन करून उपयोग नाही. टिल्ली आता बोटं मिटायचा प्रयत्नही करत नाही. शाळेत निघताना बुटांची नाडी बांधायला माझ्यासमोर पाय पुढे करते आणि दुसरीकडे बघते. कोर्टात ती खरं बोलली म्हणून हे झालं असं तिला वाटतं. तसं नाही म्हणून मी रोज सांगते. तिला ते पटत नाही.

मुकादमावर माझा राग नाही. ह्यांनीही मला हेच विचारलं, मग का? मी खूप दिवस विचार केला, दादा, की तुला कशाने लागेल. बदनामीने लागलं नाही, वहिनीच्या हातांनी लागलं नाही, टिल्लीच्या हाताने तर नाहीच. दुसरं काही सापडलं नाही. देवाने मला याची शिक्षा दिली तर मी भोगीन.

वहिनी आमच्याकडे आहे. तिची वाट बघू नकोस आणि इकडे तिला न्यायला येऊ नकोस.

कोंडवाड्याचे डॉक्टर म्हणतात, तो कुणालाच जवळ येऊ देत नाही. लांबून काठीला सुई लावून टोचायचं म्हटलं तर एका वेळेत होत नाही, त्याला फार त्रास होईल. ओळखीच्या माणसाने धरलं तर झोप लागल्यासारखा जाईल. त्याच्या ओळखीचा तूच आहेस. सोमवारी सकाळी ये. त्याला "बस" म्हण आणि धर.

आत सोडण्याआधी दारावर विचारतात, कुत्रं कुणाचं. माझं नाव सांग.